पलटणीतल्या कुटुंबांचा संपर्क: फौजी गेल्यावर घरातल्या बाईचे नाव यादीतून का जाते?

कृष्णाकाठची

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीमधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी वारले. निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहूनही पलटणीशी त्यांचा रोजचा संबंध होता. बरोबर भरती झालेल्या मंडळींचा व्हॉट्सॲपवर गट होता. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाला दवाखान्यात हलवले, कोणाचे पेन्शनचे कागद अडकले, हे त्यांना सकाळच्या चहाआधी कळे आणि चहाबरोबर ते आईला सांगत. बाबांचे दिवस झाल्यावर गटात श्रद्धांजलीचे संदेश आले आणि थोड्याच काळात त्यांचा क्रमांक काढून टाकण्यात आला. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. परंतु ज्या बायकांबरोबर आईने बेळगाव आणि पठाणकोटच्या फॅमिली क्वार्टरमध्ये वर्षे काढली, ज्यांच्या बाळंतपणात ती रात्रभर जागली, त्यांच्यापैकी एकीचाही क्रमांक तिच्याकडे नाही, हे आम्हाला तेव्हा उमगले. सगळी खबर बाबांमार्फत येत होती.

येथे फौजी घरांतले अनेक जण लिहितात, म्हणून विचारते. आपल्या घरी हा संपर्क कसा टिकला, की टिकलाच नाही? पत्रांच्या काळापासून आजपर्यंत त्यात काय बदलले? आणि फौजी माणूस गेल्यानंतर त्याच्या पत्नीला या गोतावळ्यात ठेवण्याची काही रीत आपल्या पलटणीने बसवली आहे का?

हवालदार_निवृत्त

ताई, सुभेदारसाहेबांना आदरांजली. मी तोफखान्यातला असल्यामुळे तुमच्या पलटणीचा नव्हे, पण आमच्या गटाची यादी मीच सांभाळतो, म्हणून आतली गोष्ट सांगतो. अशा याद्या नॉमिनल रोलवरून तयार होतात: आर्मी नंबर, हुद्दा, नाव, गाव. त्यात पत्नीचा रकानाच नसतो. सभासद वारला की क्रमांक काढण्याचे कारणही साधे आहे. तो मोबाइल बहुधा नातवाच्या हाती जातो. आमच्या एका दिवंगत नायकाच्या क्रमांकावरून पहाटे सगळ्यांना ऑनलाइन रमी खेळण्याचे आमंत्रण आले होते, आणि गटातली काही वयस्कर मंडळी ते पाहून खरोखरच हादरली होती. तरीही तुमचा प्रश्न योग्य आहे. क्रमांक काढताना 'वहिनींचा क्रमांक द्या' असे म्हणायला काही हरकत नव्हती, आणि ते आम्हाला कधी सुचले नाही.

डाकवाचक

पत्रांचा विषय निघाला म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या माण तालुक्यातल्या गावात १९७० च्या दशकात घरटी एक माणूस फौजेत होता, आणि मी शाळकरी असताना निम्म्या घरांची पत्रे मी वाचून दाखवत असे, कारण पोस्टमनकाकांना पुढची वाडी गाठायची घाई असे. पत्रावर पाठवणाऱ्याचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी 'मार्फत ५६ एपीओ' (लष्करी डाकघराचा क्रमांक) एवढेच लिहिलेले असायचे. माणूस लडाखमध्ये असो की राजस्थानच्या वाळवंटात, पत्ता तोच. ५६ च्या जागी ९९ आले की गावातले जाणते लोक म्हणत, "आसामच्या अंगाला गेलाय." याहून अधिक सुगावा कोणालाच नसे.

पत्राची सुरुवात ठरलेली: 'तीर्थरूप आबांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.' मग पाऊस, बैल, विहिरीचे काम, भावाची शाळा, आणि शेवटी 'घरातील सर्वांना यथायोग्य'. उत्तरही मीच लिहीत असे. आबा सांगत, आजी मध्येच भर घाली, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप त्याची बायको दाराच्या चौकटीला धरून उभी असे. सर्वांचे सांगून झाले की ती म्हणे, "गाय व्याली म्हणून लिही." तिला दुसरेच काही लिहायचे होते, हे मला फार पुढे, माझे स्वतःचे लग्न झाल्यावर कळले.

त्यातल्या त्यात मनीऑर्डर बरी. त्या फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी छोटी पट्टी असायची. काही हुशार फौजी त्या पट्टीवर घरच्या कारभाऱ्यांना कळणार नाही आणि बायकोला नेमके कळेल असे दोन शब्द लिहीत. ते वाचून मात्र मी उगाच खाकरत असे.

पुणेरी_वाचक

डाकवाचकांनी आणखी लिहावे, ही विनंती.

रानजाई

डाकवाचकांचे लेखन सुंदर आहे, आणि म्हणूनच मला त्यात थोडी भर घालाविशी वाटते. पत्रांच्या काळाविषयी हळहळणारे बहुतेक पुरुष असतात, हे आपण कोणी लक्षात घेतले आहे का? जिच्या नावाने पत्र आलेच नाही, जिला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागले आणि जिचे उत्तर गाईवर संपले, तिने त्या पत्रांची आठवण कशासाठी काढावी?

माझ्या सासूबाई सांगतात की मामंजींचे त्यांच्या स्वतःच्या नावाने आलेले पहिले पत्र त्यांना मिळाले ते लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, क्वार्टर मिळण्याची बातमी घेऊन. तोवर नवऱ्याची ओळख म्हणजे दरसालची दोन महिन्यांची सुट्टी. त्यातही पहिले आठ दिवस पाहुण्यांचे, मधला काळ शेताच्या कामाचा आणि शेवटचे आठ दिवस लाडू-चिवड्याचे. मग पुण्याला जाऊन झेलम एक्सप्रेस गाठायची. काळी ट्रंक आणि बिस्तरा घेऊन निघालेल्या माणसाला पोचवायला सगळे गाव एसटी थांब्यावर जाई, आणि बायकोने मात्र उंबऱ्याच्या आतूनच निरोप द्यायचा. त्यामुळे कृष्णाकाठच्या ताईंनी विचारलेला संपर्क नवऱ्यानंतर तुटला असे म्हणण्यापेक्षा तो तिच्या हाती कधी दिलाच गेला नव्हता, असे मी म्हणेन.

ईएमईकन्या

रानजाई यांच्याशी सहमत आहे, पण क्वार्टरमधली वर्षे याला अपवाद होती. माझे वडील ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागात, नायक होते. मराठा किंवा महार रेजिमेंटच्या लाइनीत तरी आसपास मराठी कानांवर पडते. आमच्या लाइनीत एका भिंतीपलीकडे गढवाली, दुसऱ्या भिंतीपलीकडे तमिळ आणि समोर पंजाबी कुटुंब. गावाबाहेर कधी न पडलेली माझी आई तिथे हिंदी शिकली, बँकेत एकटी जाऊ लागली, एमएचमध्ये (लष्करी रुग्णालयात) डॉक्टरांशी बोलू लागली. नवरा फील्डमध्ये, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठाण्यावर, गेला की सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये सगळ्याच बायका एकट्या, त्यामुळे कोणी कोणाकडे 'बिचारी' म्हणून पाहत नसे. वेलफेअरच्या बैठकीला जायचा कंटाळा सगळ्यांना होता आणि जात मात्र सगळ्या होत्या, कारण साहेबांच्या पत्नी हजेरी घेत.

तिथेच आई विणकाम शिकली. आम्ही राहतो माळशिरसला. जिथे जानेवारीतही पंखा लावावा लागतो, तिथे आमच्या घरी एक ट्रंक भरून स्वेटर आहेत. पाहुण्यांनी नको म्हटले तरी एक स्वेटर त्यांच्याबरोबर जातोच. गढवाली काकूंशी आईचा संपर्क नव्वदच्या दशकात तुटला आणि पुन्हा जुळला तो फेसबुकवर माझ्या भावाने त्यांच्या मुलाचे आडनाव आणि बापाची युनिट शोधून काढली तेव्हा. पहिल्या फोनवर दोघींनी बराच वेळ एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग आईने विचारले, "वो आस्तीन का नमूना याद है क्या?"

वाठारकर

हा धागा वाचून जे लिहितो आहे, ते आमच्या घरात फारसे बोलले जात नाही.

माझे चुलते १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर धारातीर्थी पडले. त्या आघाडीवर मराठ्यांच्या पलटणींनी मोठे काम केले. जमालपूरला पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण होती. टांगाइलला ११ डिसेंबरला हवाई छत्रीने उतरलेली दुसरी पॅरा ही मूळची तिसरी मराठा. १६ तारखेला ढाका पडले, रेडिओवर बातमी आली आणि गावाने साखर वाटली. आमच्याकडे तार आली ती त्यानंतर. तार इंग्रजीत होती. शाळेच्या गुरुजींनी ती वाचली आणि मोठ्याने सांगायचे धाडस त्यांना लवकर झाले नाही, असे वडील सांगत.

आजच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, परंतु त्या काळी वीरगती मिळालेल्या जवानाचा अंत्यविधी साधारणपणे आघाडीजवळच होई. पार्थिव तिरंग्यात लपेटून थेट गावी आणण्याची पद्धत कारगिलपासून, १९९९ पासून, सर्वत्र रूढ झाली. काकूंना काही महिन्यांनी मिळाली ती चुलत्यांची ट्रंक: कपडे, घड्याळ, दाढीचे सामान आणि घरून गेलेली सगळी पत्रे, दोऱ्याने बांधलेली. डाकवाचक, ती पत्रेही तुमच्यासारख्याच एका शाळकरी मुलाच्या अक्षरात होती. पार्थिव न पाहिल्यामुळे काकूंना अनेक वर्षे वाटत राहिले की काही चूक झाली असेल, ते कैदेत असतील. असे वाटण्याला आधारही होता, कारण त्या युद्धातले ५४ बेपत्ता सैनिक पाकिस्तानच्या कैदेत असावेत असे आपल्या सरकारच्या नोंदी सांगतात आणि पाकिस्तान ते नाकारत आले आहे. त्या यादीत चुलत्यांचे नाव नाही, हे काकूंना कितीदा सांगितले तरी त्या प्रत्येक बातमीला कान देत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चुलत्यांच्या सेक्शनमधले गडहिंग्लजचे एक गृहस्थ दर दिवाळीला काकूंना पत्र पाठवीत आणि एकदा येऊन भेटूनही गेले. ते वारले तेव्हा आम्हाला वाटले की हा धागाही संपला. त्यांच्या पत्नीने मात्र त्यांच्या वहीतून पत्ता काढून काकूंना स्वतः पत्र लिहिले, आणि त्यात पहिल्याच ओळीत विचारले की पेन्शनसाठी तुम्ही काय काय कागद दिले होते. आज दोघी ऐंशीच्या घरात आहेत आणि एकादशीच्या आदल्या दिवशी एकमेकींना फोन करतात. उपवास दोघींनाही डॉक्टरांनी बंद केला आहे. कोणी कोणाचे ऐकत नाही.

इतिहासप्रेमी

वाठारकर, आपल्या काकूंना नमस्कार सांगावा. बेपत्ता माणसाची वाट पाहणे आपल्या भागाला याहून जुने आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कूत येथे पूना डिव्हिजन वेढ्यात सापडली, तिच्यात मराठ्यांच्या पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि हजारो हिंदी सैनिक तुर्कांच्या कैदेत गेले. कित्येक परतलेच नाहीत. त्यांच्या घरी बातमी कशी आणि किती वर्षांनी पोचली असेल याची कल्पनाच करावी. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातून त्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण कामी आले, आणि तेव्हापासून गावाला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. स्मारकावर त्यांचा आकडा आहे. त्यांच्या बायकांचे पुढे काय झाले हे कोणी नोंदवून ठेवले असेल, तर ते वाचायला मला फार आवडेल.

शिरोळकर

मी शिरोळ तालुक्यातला. आमच्या तालुक्यात सैनिक टाकळी आहे, ज्या गावाच्या नावातच फौज आहे, आणि त्याच तालुक्यात हेरवाड आहे. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. फौजी घरांच्या संदर्भात मला हा ठराव महत्त्वाचा वाटतो. २६ जानेवारीला वीरपत्नी म्हणून व्यासपीठावर बसवायचे, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याच बाईने आत थांबायचे, हे आमच्याकडे वर्षानुवर्षे चालले. ठरावाने सगळे बदलले असे मी म्हणणार नाही. पण निदान नाही म्हणणारीला आता बोट दाखवायला एक कागद आहे.

सरकारी नियमही पुष्कळ काळ मागेच होते. शौर्यपदकाचा मासिक भत्ता विधवेने पुनर्विवाह केल्यास बंद होत असे. अपवाद एकच: तिने दिवंगत पतीच्या भावाशी लग्न केले तर तो चालू राही. संरक्षण मंत्रालयाने ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये काढली.

रानजाई

शिरोळकर, तो अपवाद कागदावर राहिला असता तर प्रश्न नव्हता. कारगिलनंतर मोठ्या रकमा घरात आल्या आणि त्या घराबाहेर जाऊ नयेत म्हणून वयाने लहान असलेल्या दिराशी लग्न लावून देण्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. काही ठिकाणी ते संसार चांगले झाले, हेही मान्य आहे. परंतु तिला कोणी विचारले का? अशा वेळी क्वार्टरमधली एखादी मैत्रीण फोनवर असती, तर तिला निदान सासर आणि माहेर सोडून तिसऱ्या कोणाशी बोलता आले असते. म्हणून मला ताईंचा प्रश्न केवळ स्नेहसंमेलनाचा वाटत नाही.

हवालदार_निवृत्त

रानजाई यांच्या या मुद्द्यावर थोडा मतभेद नोंदवतो. प्रत्येक सासर पैशावर टपलेले असते, असे चित्र उभे राहू नये. अनेक घरांत सुनेच्या नावाची रक्कम सासऱ्याने मुदत ठेवीत टाकून पावती तिच्या हाती दिलेली मी पाहिली आहे. मैत्रीण हवी, हे मात्र शंभर टक्के खरे.

लेखनिक_निवृत्त

मी पलटणीच्या कार्यालयात कारकून होतो. भावनेचा भाग इतरांनी लिहिला आहे, मी कागदांचा लिहितो, कारण संपर्क तुटल्याचा सर्वांत पहिला फटका कागदांना बसतो.

लग्न झाले, मूल झाले की जवानाने पलटणीत कळवायचे आणि त्याची पार्ट टू ऑर्डर निघून रेकॉर्ड ऑफिसला नोंद व्हायची, ही पद्धत आहे. आपल्याकडे अडचण अशी की लग्नात मुलीचे नाव बदलतात. जवान सुट्टीवरून परत येऊन घाईत जे नाव सांगेल ते रेकॉर्डला लागे: कधी माहेरचे, कधी सासरचे, कधी घरात हाक मारायचे. आधार कार्डावर चौथेच. जन्मतारीख तर बहुतेकींची एक जूनच असते. नवरा हयात असेपर्यंत हा घोळ कोणाला दिसत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन लावायच्या वेळी पीपीओवरचे (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचे) नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही, आणि मग प्रतिज्ञापत्रांपासून सुरुवात होते.

म्हणून सर्वांना विनंती अशी की घरातला फौजी हयात असतानाच पीपीओ, डिस्चार्ज बुक, आधार, पॅन आणि बँकेचे पुस्तक एका जागी ठेवून पत्नीचे नाव आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर ताडून पाहावी. फरक असल्यास दुरुस्ती त्याच्याच सहीने करून घ्यावी, ते कितीतरी सोपे जाते. आता निवृत्तिवेतनाचा कारभार प्रयागराजच्या कार्यालयाकडून 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीवर चालतो आणि दरवर्षी हयातीची ओळख पटवावी लागते. 'जीवन प्रमाण'चा डिजिटल दाखला २०१४ पासून मिळू लागल्याने बाईंनी स्वतः जाण्याची गरज कमी झाली आहे, परंतु वयस्कर बायकांचे अंगठ्याचे ठसे शेतकामाने झिजलेले असतात आणि यंत्र ते घेत नाही. चेहरा दाखवून ओळख पटवण्याची सोय मोबाइलवर आहे, ती घरच्या मुलांनी शिकून घ्यावी. अडले तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. घरपट्टीची सवलतही विसरू नये. २०२० पासून राज्यात माजी सैनिकांबरोबर सैनिकांच्या विधवांनाही ती लागू आहे आणि कित्येक जणी अजून निमूटपणे घरपट्टी भरत आहेत.

ईएमईकन्या

लेखनिककाका, एका बँकेत माझ्या आईला "तुम्ही हयात आहात हे सिद्ध करा" असे तिच्या तोंडावर सांगितले गेले होते. आईने उत्तर दिले, "मग तुम्ही बोलताय कोणाशी?"

बेळगावकर

बेळगावात माजी सैनिकांची वस्ती मोठी आहे. १९२२ पासून मराठा रेजिमेंटचे केंद्र येथे असल्यामुळे अनेकांनी येथेच जागा घेतल्या. दरवर्षी ४ फेब्रुवारीला, सिंहगडाच्या विजयाची आठवण म्हणून, मराठा दिन साजरा होतो. पलटणींचे वर्धापनदिन वेगळे. तेव्हा दूरदूरची मंडळी येतात, बडाखाना, म्हणजे सर्व हुद्द्यांचे एकत्र जेवण, होतो, 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' या घोषणेने मैदान दणाणते आणि सत्तरीचे आजोबा छाती पुढे काढून उभे राहतात. ते पाहून माझ्याही डोळ्यांत पाणी येते, ते नाकारत नाही.

मात्र अशा मेळाव्यांना मी अनेकदा गेलो आहे आणि वीरनारींच्या सत्काराचा क्रम ठरलेला पाहिला आहे. नाव पुकारले जाते, शाल-श्रीफळ मिळते, छायाचित्र निघते आणि बाई आपल्या जागेवर जाऊन बसतात. शेजारी बसलेल्या बाईही त्याच पलटणीतल्या असतात, पण दोघींना ओळख करून देणारा कोणी नसतो. ज्या बायका लढाईत नव्हे तर आजारपणाने किंवा वयाने वारलेल्या फौजींच्या आहेत, त्यांना तर निमंत्रणही जात नाही. त्यांची संख्याच अधिक आहे. सत्काराऐवजी त्या दिवशी नुसते एक टेबल मांडून प्रत्येकीचा क्रमांक लिहून घेतला, तरी अधिक काम होईल, असे मला वाटते.

पुणेरी_वाचक

खरे स्नेहसंमेलन ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये भरते. २००३ मध्ये ती योजना सुरू झाल्यापासून माझी आत्या औषधांसाठी जाते आणि घरी येते ती रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर तीन लग्ने आणि एक भांडण घेऊन. राहिला प्रश्न नातेवाइकांच्या संपर्काचा. तिच्या कॅन्टीन कार्डावर जो दारूचा कोटा आहे, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिला कोणीही विसरत नाही.

फील्डवाल्याची_पत्नी

सर्वांचे वाचते आहे. माझे यजमान सध्या सेवेत आहेत आणि मी मुलांच्या शाळेसाठी पुण्यात क्वार्टरमध्ये राहते. आमच्या पिढीचे दुखणे याच्या अगदी उलट आहे, म्हणून लिहिते.

आमच्या सासूबाईंच्या काळी गावात एकच एसटीडी बूथ होता आणि दर कमी होण्याची वाट पाहत रात्री तिथे रांग लागे. पुढच्या ठाण्यांवर सॅटेलाइट फोन आले, त्याचा दर २०१७ मध्ये मिनिटाला पाचावरून एक रुपयावर आला, आणि आता नेटवर्क असेल तिथे व्हिडिओ कॉल आहेच. याचा आनंद आहेच. पण पूर्वी घरात कुरबूर झाली तर पत्र पोचेपर्यंत ती मिटलेली असे. आता दुपारी बारा वाजता झालेली कुरबूर बारा वाजून पाच मिनिटांनी सीमेवर पोचते, तीही सासूबाईंची वेगळी आणि माझी वेगळी. ड्युटीवरून थकून आलेला माणूस तिकडे न्यायाधीश होऊन बसतो. शिवाय रोज बोलायची सवय झाली की एखाद्या दिवशी फोन लागला नाही तर जीव थाऱ्यावर राहत नाही. टीव्हीवर चकमकीची बातमी आणि फोन 'संपर्क क्षेत्राबाहेर' अशी रात्र काढली की दहा दिवसांनी येणाऱ्या पत्राची सवय असलेल्या बायका अधिक खंबीर होत्या, असे वाटते.

क्वार्टरमधल्या मैत्रीबद्दल ईएमईकन्या यांनी जे लिहिले ते अजूनही खरे आहे, पण शेजारणी एकमेकींच्या घरी पूर्वीइतक्या जात नाहीत. गटावर निरोप टाकला की काम होते.

रानजाई

तुमचे म्हणणे पटले. तरीही सांगते, न्यायाधीशासमोर स्वतःची बाजू स्वतः मांडता येते, ही सोय चौकटीला धरून उभ्या असलेल्या बाईला नव्हती.

माणदेशी

एक प्रश्न राहून जातो. २०२२ पासून अग्निवीर भरती सुरू झाली. चार वर्षांनी त्यांतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे ठेवतात. बाकीच्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. पंचविशीच्या आत घरी परतलेल्या या मुलांची बहुधा लग्नेही तेव्हा झालेली नसतील. त्यांच्या कुटुंबांची पलटणीशी ओळख होणार कधी? आमच्या गावातून गेलेली मुले परत येतील तेव्हा जुन्या माजी सैनिक संघटना त्यांना आपल्यात घेतील का, यावर आताच बोलायला हवे.

हवालदार_निवृत्त

आमच्या तालुक्याच्या संघटनेत यावर जोरदार वाद झाला. मी 'घ्यावे' या बाजूचा. चार वर्षे का होईना, त्याच चुलीवरचे जेवलेला माणूस आहे.

कृष्णाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. वाठारकरांच्या काकूंची हकिकत आईला वाचून दाखवली. ती ऐकून ती उठली आणि बाबांची जुनी डायरी काढून बसली. त्यात बाबांच्या सुवाच्य अक्षरात प्रत्येकाचा आर्मी नंबर, गाव आणि डाकघर आहे. एकाही वहिनीचे नाव नाही. आईने मग आठवून आठवून समोर नावे लिहायला सुरुवात केली. काही नावे तिला अशीच आठवतात: 'पिंकीची आई', 'क्वार्टर नंबर चौदावाली', 'ती चांगल्या भाकरी करणारी'. गावाचे नाव असल्यामुळे माझ्या भावाने तिथल्या ग्रामपंचायतींत फोन करून काही क्रमांक मिळवले आहेत. क्वार्टर नंबर चौदावाल्या काकू सापडल्या आहेत, त्या आता कराडला मुलाकडे असतात, म्हणजे आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. इतकी वर्षे आम्ही कराडच्या विजय दिवसाला (१९७१ च्या विजयाच्या सोहळ्याला) जात होतो आणि बहुधा त्याही येत होत्या.

बाबांच्या गटाच्या प्रमुखांशीही बोलले. त्यांनी यादी द्यायचे मान्य केले आहे आणि आईच्या क्रमांकासाठी लगेच विचारले. हवालदारसाहेब, आपण आपल्या गटात रकाना वाढवणार का?

हवालदार_निवृत्त

वाढवला. शिवाय सर्वांना कळवले आहे की आठ दिवसांत पत्नीचे नाव आणि क्रमांक पाठवावा. पहिल्या दिवशी आलेल्या उत्तरांत निम्म्यांनी स्वतःचाच क्रमांक पुन्हा पाठवला आहे. वहिनींचा एकत्र गटातच समावेश करावा, की त्यांचा वेगळा गट असावा?

रानजाई

वेगळाच करा, आणि तो चालवायलाही त्यांच्याकडेच द्या. तुमच्या गटात सुप्रभातच्या फुलांखाली कामाचा निरोप सापडत नाही, असे माझे यजमान स्वतःच म्हणतात.

लेखनिक_निवृत्त

यादी करताना रेकॉर्डमधले नाव, आधारवरचे नाव आणि घरात हाक मारायचे नाव असे तीन रकाने ठेवावेत. 'क्वार्टर नंबर चौदावाली' यासाठी चौथा ठेवायलाही माझी हरकत नाही.

कृष्णाकाठची

ठेवते. भेटण्याची तारीख ४ फेब्रुवारी असावी असे गटातल्या काकांनी सुचवले होते, पण आईचे म्हणणे पडले की तेव्हा ऊसतोड जोरात असते आणि सुना-मुलगे घरी नसतात. जत्रेला सगळे गावी येतातच, म्हणून जत्रा उरकल्यानंतरचा रविवार धरला आहे. क्वार्टर चौदावाल्या काकूंनी होकार दिला आहे आणि स्वयंपाकाला आचारी लावावा अशी अट घातली आहे.